फुगा न दिसलेल्या श्रावणीबाबत

प्रति,
मा. कार्यवाह,
वाचा-विकास कर्णबधिर विद्यालय,
रायपूर (छत्तीसगड)

विषय : लॅपटॉपची स्क्रीन विनापरवानगी बदलल्याबाबत व कु. श्रावणी भोंगाडे हिला वाचा-वर्गातच ठेवण्याबाबत.
संदर्भ : याच अर्जदाराचे दि. ३ जुलै व दि. १९ जुलै २०२५ चे परस्परविरोधी अर्ज.

महोदय,

१. अर्जदार ज्ञानदा दाणी अकरा वर्षांपासून आपल्या विद्यालयात वाचा-शिक्षिका आहे. वर्गातल्या जुन्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम आहे. मुलाने आवाज काढला की स्क्रीनवर फुगा वर जातो. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्याला तो निघाला हे त्या फुग्यावरूनच कळते.

२. स्क्रीन अंधुक झाल्याने अर्जदाराने ३ जुलैला नवीन लॅपटॉप मागितला. आपण तो मंजूरही केला. नंतर समजले, हा प्रोग्रॅम नवीन मशीनवर चालत नाही आणि तो बनवणारी कंपनी बंद पडली आहे. म्हणून १९ जुलैला नवीन लॅपटॉप नको, असा अर्ज केला. त्यावर "आधी आपले नक्की ठरवा" असा शेरा आला. शेरा योग्यच होता. पण अर्जदाराचे ठरत नव्हते.

३. दरम्यान तिमाही अहवालात आठ वर्षांच्या श्रावणीपुढे "प्रतिसाद नाही" असे लिहिले गेले. लिहिणारी अर्जदारच. त्यावरून तिला १ सप्टेंबरपासून हस्तकला वर्गात पाठवण्याचा आदेश निघाला. तिचे वडील नरेश गुढियारीच्या मालधक्क्यावर हमाली करतात. काम सोडून आले आणि म्हणाले, "मॅडम, पोट्टीले काहून काढून राहिले? घरी तर आवाज काढते ना ते." अर्जदाराने त्यांना अहवाल दाखवला. ते गेले.

४. शुक्रवारी, २२ ऑगस्टला, श्रावणीची रिबीन बांधायला अर्जदार तिच्याजवळ चटईवर बसली आणि सहज वर पाहिले. स्क्रीनवर फुगा नव्हता. नुसता काळोख होता. उभे राहिल्यावर फुगा दिसला, खाली बसल्यावर पुन्हा नाहीसा झाला. असे अर्जदाराने पाच-सहा वेळा उठून-बसून पाहिले. मुले हसू लागली. मोठी मुले मागे बाकावर बसतात, त्यांना दिसत होते. सर्वांत लहान म्हणून श्रावणीला पुढे चटईवर बसवले होते. चार महिने ती काळोखाकडे पाहत होती.

५. स्क्रीन खाली झुकवली तर मागच्यांना दिसेना, आणि बाकावर जागा नाही. म्हणून शनिवारी अर्जदार लॅपटॉप घेऊन गोल बाजाराजवळ यशदीप भैयांच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. ते म्हणाले, "दीदी, ऐसी स्क्रीन डाल दूँगा कि नीचे से भी साफ दिखेगी. पर मशीन बूढ़ी है, छह महीने चले कि छह दिन, मैं नहीं बोल सकता. नया ही ले लो." अर्जदार लॅपटॉप घेऊन ब्राह्मणपाऱ्यापर्यंत परत आली, पुन्हा दुकानात गेली, पुन्हा निघाली. तिसऱ्यांदा भैयांनी न विचारताच स्टूल पुढे केले. अर्जदाराने बसून स्क्रीन बदलून घेतली. आपली परवानगी घ्यायला हवी होती. सोमवारची वाट पाहण्याइतका धीर उरला नव्हता.

६. आज सकाळी श्रावणी नेहमीच्या जागी बसली. अर्जदाराने खूण केली. तिने आवाज काढला आणि फुगा वर गेला. तिने मागे वळून पाहिले, कोणी केले म्हणून. मागची मुले तिच्याकडेच बोट दाखवत होती. मग तिने गळ्यावर हात ठेवला आणि पुन्हा आवाज काढला. जेवणाची सुट्टी झाली तरी उठली नाही. अर्जदाराला वर्गाबाहेर जाऊन उभे राहावे लागले.

७. संस्थेची वस्तू विनापरवानगी उघडल्याबद्दल होईल ती कारवाई अर्जदारास मान्य आहे. "प्रतिसाद नाही" हा शेरा चुकीचा असून तो अर्जदार मागे घेत आहे. नवीन मशीन कधी घ्यायची ते समितीने ठरवावे. मात्र ही मशीन चालते आहे तोवर त्या मुलीला तिच्यासमोरून उठवू नये. नरेश यांना हे सांगायला अर्जदार आज संध्याकाळी गुढियारीला जात आहे. आपल्या आदेशाची वाट न पाहता जात आहे, याचीही नोंद घ्यावी.

आपली नम्र व चूक कबूल असलेली,
ज्ञानदा दाणी
वाचा-शिक्षिका
रायपूर, दि. २५ ऑगस्ट २०२५

सोबत :
(१) काढलेली जुनी स्क्रीन, वर्तमानपत्रात गुंडाळून.
(२) तिमाही अहवालाची प्रत. चुकीच्या शेऱ्यावर अर्जदाराने स्वतः रेघ मारून सही केली आहे.