पाणी खालून येतं

आबा, येत्या माघ त्रयोदशीला आम्ही घाटाखाली उतरणार आहोत. चार दिवसांचा बेत आहे. तुमच्या मांडीवर तीन वर्षांचा होईपर्यंत खेळला तो तुमचा नातू आता मास्तर झाला, आणि त्याला नेमणूक मिळाली ती खाडीच्या तोंडाशी असलेल्या त्या बंदराच्या गावात. गावाचं नाव तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडच्या गुळाच्या गाड्या एके काळी तिथंच जायच्या. नेमणुकीचा कागद हातात आला, नाव वाचलं आणि मी तो कागद घडी करून पोथीत ठेवला. पोरगं बघत होतं. म्हणालं, "दादा, काय झालं?" मी म्हणालो, "काय न्हाई, लय लांब हाय." ते हसलं. म्हणालं, "एसटीनं एक दिवसाचा रस्ता आहे, लांब कसलं?" त्याला सहा महिने झाले. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी त्याचं पत्र येतं आणि प्रत्येक पत्रात एकच मागणी: आईला घेऊन या, तिला समुद्र दाखवतो.

दुष्काळ सरून तीन वर्षं झाली. यंदा ऊस पौषातच कारखान्याला गेला, रान मोकळं झालं, मग नाही म्हणायला कारण उरलं नाही. बेत मीच ठरवला. पंचांग काढून बसलो. माघाची पौर्णिमा म्हणजे माघस्नानाचा शेवटचा दिवस, त्या दिवशी समुद्रस्नान घडलं तर त्यासारखं पुण्य नाही, असं मला वाटलं. त्रयोदशीला सकाळी निघायचं, कऱ्हाडात गाडी बदलायची, चिपळुणात नात्यातल्या एका घरी मुक्काम, चतुर्दशीला संध्याकाळपर्यंत त्या गावाला पोचायचं, पौर्णिमेला स्नान आणि देवदर्शन, चौथ्या दिवशी परत. तुमच्या सुनेनं त्या दिवसापासून घर डोक्यावर घेतलंय. दशम्या किती, शेंगदाण्याची चटणी किती, पोराला आवडतो म्हणून काकवीचा डबा. परवा मी म्हणालो, एवढं ओझं कशाला, तर म्हणाली, "आवं, तीस वर्सं ह्या घरात हिरीचं पानी वडतेय. एकदा न वडता जेवढं दिसंल तेवढं बघून घिऊ द्या की." शेजारणीही हसल्या, मीही हसलो. पण रात्री ताट अर्धं ठेवून उठलो.

कारण काकीनंही गाठोडं बांधलंय. चुलते गेले तेव्हा तिशीत होती, आता सत्तरीच्या घरात आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. बेत ठरला त्या दिवशी ती उंबऱ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "मला बी घिऊन चला रं. त्येंला जिथं अग्नी दिला ती जागा तरी बघू दे. चाळीस वर्सं झाली, एक फूल वाहिलं न्हाई म्या." बायको म्हणाली, "चला की काकी, तुमाला टाकून जातोय व्हय आमी?" आणि दोघी डब्यांचं बोलायला लागल्या. मी उठून गोठ्यात गेलो आणि उगाच म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

तो दिवस मला अजून दिसतो आबा. मी नऊ वर्षांचा असेन. सैपाकघरात चूल पेटलेली, काकी परातीत पीठ मळत बसलेली, आजी वैलावरची आमटी ढवळते आहे. चुलत्यांबरोबर गुळाची गाडी घेऊन बंदराला गेलेले तुम्ही एकटेच दारात उभे. गाडी नाही, बैल नाहीत, पायात वहाणही नाही. आजीनं तुमच्या मागं बघितलं, आणखी कोणी येतंय का म्हणून. तुम्ही एवढंच म्हणालात, "पटकी झाली त्येला. तिथंच दहन केलं." काकीचे हात पिठात तसेच राहिले. मग आजीनं हंबरडा फोडला आणि घर माणसांनी भरलं. पटकीनं माणसं मरतच होती त्या काळी, कुणाला शंका आली नाही. बैलांचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, क्रियाकर्माला विकले. तेही सगळ्यांना पटलं.

त्यानंतर तुम्ही घाट उतरला नाहीत. मी तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर आळीतल्या गाड्यांबरोबर जायचा हट्ट धरला, तेव्हा तुम्ही चाबूक उगारलात. मारला नाहीत, पण त्या वेळचं तुमचं तोंड मी अजून विसरलेलो नाही. "घाटाखाली पाय ठिवलास तर ह्या घरात परत ठिवायचा न्हाई." सगळ्या गावाला वाटलं, भावाच्या दुःखानं माणूस कडू झाला. मलाही तसंच वाटत होतं, तुम्ही गेलात त्या वर्षापर्यंत.

मळ्यातल्या खोपीत तुम्ही आडवे झाला होता. दुपार होती, पाटाचं पाणी उसात सोडून मी आत आलो. तुम्ही म्हणालात, बस. मग उशाखालची पालीच्या खंडोबाच्या भंडाऱ्याची पिशवी काढलीत, चिमूटभर भंडारा माझ्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, "हे कुनाला सांगनार न्हाई म्हन. तुज्या काकीला न्हाई, तुज्या पोरांला न्हाई." मी काय ते न ऐकताच म्हणालो. बाप मरणाच्या दारात असताना कोण विचारत बसतं?

मग तुम्ही सांगितलंत. मला ते शब्द जसेच्या तसे पाठ आहेत, कारण गेली वीस-बावीस वर्षं ते कुणाजवळ उतरवता आले नाहीत. कृष्णेला पूर असो वा उतार, गाड्या कुठून घालायच्या ते तुम्ही सांगायचा आणि मागून दहा गाड्या डोळे झाकून यायच्या. पाण्यातला जाणता म्हणून पंचक्रोशीत तुमचं नाव होतं. त्या दिवशी खाडीचं पात्र उघडं पडलेलं, पाणी कुठंतरी मधे घोट्याएवढं. होडीनं पलीकडे न्यायचं तर गाडी सोडून गूळ चढवा-उतरवा करावा लागायचा. तुम्ही गाडी सरळ पात्रात घातलीत. अर्ध्यात चाकं वाळूत रुतली, बैल धापा टाकायला लागले. म्हणून तुम्ही बैल सोडून गाडीलाच बांधलेत आणि दोघं भाऊ भाकरी खायला बसलात.

"काठावरनं नावाडी वरडाय लागलं," तुम्ही म्हणालात. "धाकला म्हनला, दादा, त्यो बघ पटका हालवतोय, आपल्याला जेवायला बोलवतोय जनू. मी म्हनलो, त्येंच्या नावंत आपुन बसलो न्हाई म्हनून पोटात दुखतंय त्येंच्या. खा तू भाकरी." बाहेर पाटाचं पाणी उसात शिरल्याचा आवाज येत होता. "आभाळ निर्मळ हुतं रं. डोंगरात ढगाचा ठिपका न्हाई. पानी यायचं तर वरनं येनार, म्हनून मी सारखा वरच बघत हुतो. आनि पानी खालनं आलं."

आपल्याकडच्या माणसाला हे कोण सांगणार होतं? नदी वरून खाली येते हे आपण आईच्या पोटातून शिकून येतो. समुद्र उलटा चढून अंगावर येतो हे तुम्हाला त्या क्षणी कळलं, आणि तोवर पाणी गाडीच्या आसाला लागलं होतं. तुम्ही काठाकडे धावलात. तुम्हाला वाटलं चुलते मागून येताहेत. ते बैलांकडे परत वळले होते. भिजलेलं दावं सुटेना. तुम्ही काठावरून हाका मारत होता. "दोन दिस काठानं हिंडलो. एक बैल घावला, मेल्याला. त्यो न्हाई घावला." एवढं बोलून तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

म्हणजे काकीला फूल वाहायला तिथं जागाच नाही. हे एक. पण आज मी लिहायला बसलो ते त्यासाठी नाही.

आमचा बेत कळवल्यावर पोराचं उत्तर आलं. ते तुम्हाला वाचून दाखवायला हवं होतं. लिहितो: "दादा, चतुर्दशीला मी तुम्हाला घ्यायला स्टँडवर येतो. माझी खोली खाडीच्या पलीकडे आहे. होडीवाला माणसं भरेपर्यंत ताटकळत ठेवतो, म्हणून मी महिनाभर ओहोटी सापडली की पात्रातूनच चालत शाळेला येतो-जातो. इथली माणसं उगाच भीती घालतात. मला आता पाण्याची वेळ कळायला लागली आहे. पौर्णिमेच्या सुमाराला तर ओहोटी इतकी लांब जाते की पात्र अंगणासारखं कोरडं होतं. संध्याकाळी सहाला आपण चालतच पलीकडे जाऊ. आईला आणि काकीआजीला गंमत वाटेल."

मला आता पाण्याची वेळ कळायला लागली आहे. आबा, हे वाक्य त्यानं लिहिलंय, पण मला आवाज तुमचा ऐकू आला. तो तुमच्यासारखाच दिसतो, हे तुम्हाला ठाऊक नाही. चालतोही तसाच, मागं न बघता.

गाड्यांच्या वेळा विचारायला मी परवा सकाळी चावडीपुढं गेलो. मुक्कामाच्या एसटीचा ड्रायव्हर चिपळूणकडचा आहे. गाडीत पाणी ओतत होता. म्हणाला, "पाव्हणे, तुम्ही घाटावरची माणसं, पुनवेला कशाला निघालात? पुनवेला नि अवसेला उधाण असतं." मी म्हणालो, पोरगं म्हणतंय पात्र कोरडं पडतं. त्यानं बादली खाली ठेवली. "पडतं की. लांब जातं ना, तेवढंच जोरात परत येतं. सहाला कोरडं, सात वाजता कमरेला, मग विचारू नका. आणि सहाची गाडी म्हणजे तुम्ही साताचीच धरा. कोणी सांगितलं चालत जायला?" मी म्हणालो, "माझ्या पोरानं." मग म्हणाला, "मारा एक मुस्काटात," आणि हसला, आणि गाडीत चढला. मला हसू आलं नाही. पुण्य म्हणून जी तिथी मी पंचांगात बोट ठेवून निवडली, ती अशी निघाली. मीही वरच बघत होतो, आबा.

होडीनंच ये, एवढं कळवून भागेल का, याचा मी एक दिवस विचार केला. भागणार नाही. काठावरची माणसं रोज ओरडून सांगताहेत आणि त्याला ती भित्री वाटतात. चुलत्यांचं सांगितल्याशिवाय तो ऐकणार नाही. आणि सांगायचं म्हणजे तळहातावरचा तो भंडारा. ते कळलं की तो काकीच्या समोर कसा बसेल, हाही एक प्रश्न आहे. मी देवभोळा माणूस आहे. आयुष्यात एक शपथ घेतली, तीही तुमच्यापुढं. ती मोडली तर खंडोबा काय करेल याचं भय मला वाटतं, ते लपवत नाही. दोन दिवस देवापुढं बसलो, पण डोळे मिटले की खाडीच दिसते. मी ती कधी पाहिली नाही, तरी दिसते. मधोमध एक माणूस चालतोय आणि काठावर कुणीतरी पटका हलवतंय.

आत्ता काकी मागं येऊन उभी राहिली. "कुनाला लिवतोयस रं एवढं?" म्हणाली. मी म्हणालो, "पोराला." ती म्हणाली, "मग लिव की, म्हनावं काकीआजी येतिया, नारळ घिऊन ठेव." मी म्हणालो, लिहितो. त्रयोदशीचा बेत मी मनातल्या मनात मोडलाय, हे तिला अजून सांगितलेलं नाही. पौर्णिमा टळू दे, अष्टमीच्या सुमाराला निघू, असं काहीतरी सांगेन. तिथं गेल्यावर तिला काय दाखवायचं ते मला ठाऊक नाही. आज एकादशी आहे. तिकडे टपाल पोचायला तीन दिवस लागतात, कधी चार. तो रोज संध्याकाळी सहाला शाळेतून निघतो.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. लिहून झालं की चुलीत घालीन, काकीला वाचता येत नाही तरीही. इतका वेळ मी असं लिहिलं की जणू तुमची परवानगी मागतोय, शपथेतून मोकळं करा म्हणतोय. पण खरं सांगतो आबा. पोराला मी सगळं कालच लिहिलं, दावं सुटेना इथपर्यंत सगळं, आणि दुपारच्या टपालाआधी पेटीत टाकलं. तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मी ऐकलं असतं.