पाठ केलेलं उत्तर

हॅलिफॅक्स, १२ फेब्रुवारी २००६

तीर्थरूप बाबांस,
सुनेत्राचा वाकून नमस्कार. मी इथे मजेत आहे, जेवणखाण व्यवस्थित चाललंय. तुमचा गुडघा कसा आहे? आई फिरायला जाते ना?

तुमचा जावई प्रताप अजून तिकडे लांब मिसिसागातच आहे, नोकरीमुळे. मलाही इथल्या युनिव्हर्सिटीत काम मिळालं, चिनी विद्यार्थ्यांची तोंडी इंग्रजी परीक्षा घ्यायचं. नागपूरला अठरा वर्षं इंग्रजी शिकवलं, ते इथे कोणी धरत नाही. मी दिलेले मार्क चोवीस वर्षांची सुपरवायझर पुन्हा तपासते. इंग्रजी तिची मातृभाषा ना.

काल एका मुलीला घरच्यांबद्दल विचारलं. तिने घडाघडा म्हणून दाखवलं, आईवडील सुखात आहेत, मीही इथे आनंदात आहे. एक चूक नाही. पण पाठ केलेल्या उत्तराला मार्क द्यायचे नाहीत, असा नियम आहे. म्हणून मधेच तोडून विचारलं, काल काय जेवलीस?

ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "काही नाही. एकटीला जेवण जात नाही."

त्या उत्तराला मी पूर्ण मार्क दिले. सुपरवायझरने कापले. मुलगी नापास झाली.

तुम्ही छडी घेऊन निबंध पाठ करून घ्यायचात, त्यावर मी बोर्डात आले. इथे तुमच्या अख्ख्या वर्गाला शून्य मिळालं असतं, बाबा.

आईला पत्राची सुरुवात तेवढी वाचून दाखवा. आणि फोनवर तिला विचारू देऊ नका, काल काय जेवलीस म्हणून.

तुमची,
सुनेत्रा