ठकी बोलेपर्यंत थांबणाऱ्यासाठी

आज मंगळवार, ११ मार्च २०२५, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. ब्रश धुता धुता उठलो आणि हे मृत्युपत्र लिहायला बसलो. मी इमारतींना बाहेरून रंग देतो. मी पूर्ण शुद्धीवर आहे, कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. अक्षर हलले आहे, कारण काल सातव्या मजल्यावर मी बसलेल्या टांगत्या फळीची एक दोरी सुटली.

१. माझी मुलगी ठकी, वय सहा, हिला आई नाही. माझ्यामागे तिला तिच्या मावशीने सांभाळावे, माझ्या थोरल्या भावाने नाही. कारणही लिहून ठेवतो.

ठकी तीन वर्षांची असताना घडाघडा बोलायची. मग फिट येऊ लागल्या आणि शब्द गेले. हाक मारली तरी वळेना. दादा म्हणाला, "बहिरी आहे ही. बहिऱ्यांच्या वसतिगृहात घाल." कान तपासले, ते चांगले निघाले. डॉक्टर म्हणाले, झोपेतही मेंदूत फिटची खळबळ चालू असते, त्यामुळे ऐकलेल्याचा अर्थ लागत नाही. औषधाने आता एकेक शब्द परत येतो आहे, पण वेळ घेऊन. ठकी "पा" म्हणते तोवर दादा पाणी, पाटी, पावडर सगळे विचारून मोकळा होतो. मग ती तोंड मिटते. मावशी शिवणाचे मशीन थांबवते आणि नुसती बसून राहते.

२. राहती खोली व बँकेतली शिल्लक ठकीची. आधी औषध, मग बाकीचे. गोळी सकाळी आठला, रात्री आठला. बरी दिसते म्हणून एकही चुकवू नये. हे कलम दोनदा वाचावे.

३. शिडी व ब्रश माझ्या जोडीदाराला. दोरखंड कोणालाच देऊ नयेत, कापून टाकावेत.

४. दादाला काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला हिस्सा ठेवू नये असे वकील म्हणाले, आणि मला त्याची सही हवी आहे. मागून त्याने "मला कुठे ठाऊक होतं" म्हणू नये. पहिल्या फिटच्या वेळी ठकीला उचलून अनवाणी धावला तो दादाच, हेही नमूद करतो.

शेरा, सायंकाळी सव्वासात: माझी सही झाल्यावर दादा सहीला बसला. ठकीने पेनाकडे हात केला. दादा म्हणाला, "पेन हवंय? चित्र काढायचंय?" मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो पाय हलवत राहिला, पण गप्प राहिला. बऱ्याच वेळाने ठकी म्हणाली, "मी... पण... सही."

दादाने पेन आधी तिला दिले.

स्थळ: राहती खोली
लिहून देणार: ठकीचा बाबा (सही)
साक्षीदार: १. थोरला भाऊ (सही) २. तळमजल्यावरचे औषधवाले (सही)
ठकी: एक आडवी रेघ. कायद्याला लागत नाही, पण खोडू नये.