उंचवट्यापलीकडचं पाणी

माय, आज प्रयोगशाळेतला काचेचा कालवा मी दुपारीच बंद केला. कालवा म्हणजे खरं तर एक लांबलचक काचेची पेटी, तळाला रेती, वरून मोटारीनं सोडलेलं पाणी. इंजिनिअरिंगच्या पोरांना नदी आतून कशी असते ते दाखवायला कॉलेजनं ती ठेवली आहे आणि तिच्यापाशी मी असते. तू म्हणाली असतीस, "नदी भायेर पडली हाय अन् इथं काय खेळून राह्यली व?"

रेती आधी सपाट असते. पाणी सोडलं की थोड्या वेळानं तिचे उंचवटे होतात, पाणी येतं त्या बाजूनं हळू चढणारे आणि पलीकडे एकदम तुटणारे. पाणी माथ्यापर्यंत सरळ येतं, तिथून सुटतं, आणि पलीकडच्या खळग्यात चक्क उलटं फिरायला लागतं. त्या खळग्यात जांभळा रंग सोडला तर तो लवकर वाहून जात नाही, तिथल्या तिथे घुमत राहतो. मधूनच एखादा भोवरा उसळून वर येतो, पाणी उकळल्यासारखं दिसतं, की परत सगळं पहिल्यासारखं. वरून पाहणाऱ्याला नदी आपली शांत वाहताना दिसते. परवा एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, यात माणूस सापडला तर?" मी सांगितलं, की नदीत हे उंचवटे कमरेएवढे होऊ शकतात; माथ्यावर गुडघाभर पाणी, पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत, आणि पायाखालची रेती निसटत असते. मग हे परीक्षेला येतं म्हणाले आणि विषय संपवला.

त्या वर्षीची दिवाळी होऊन गेलेली आहे. आपल्या पूर्णा नदीला गुडघाभर पाणी, पलीकडच्या शेतात कापूस फुटलेला. चुलीपुढे बसून तू माझ्या वेण्या घालते आहेस, मी चौथीत आहे आणि शाळेला उशीर झाला म्हणून चुळबुळ करते आहे. तुझं माहेर घाटावर, चिखलीकडे, आणि तिथे मामाचं लग्न निघालं आहे. बाबा दारातूनच म्हणतात, वेचणी सोडून कोणी कुठे जायचं नाही. तू म्हणतेस, "मले कोंडूनच ठेवलं तुमी. एक डाव त मोकळी सोडा." बाबा म्हणतात, "जाय मंग. कोन धरलं तुले?" तुझा हात थांबतो. एक वेणी झाली आहे, दुसऱ्या बाजूचे केस मोकळेच आहेत. तू फणी माझ्या हातात देतेस, "दुसरी आल्यावर," म्हणतेस आणि कापूस वेचायचं फडकं खांद्यावर टाकून निघतेस. बाकीच्या बायका नदी ओलांडायच्या रोजच्या उतारावरून पलीकडे गेल्या होत्या. तू खालच्या अंगाला, एकटीच पाण्यात उतरलीस. तिथेच का, हे आता कोणाला विचारायचं?

तेव्हापासून आपल्या घरात दोन शब्द राहिले. आत्या म्हणायची, "पाण्यात गेली." बाबा म्हणायचे, "पाण्यानं नेली." गेली आणि नेली, एका अक्षराचा फरक, पण गावाला तो बरोबर कळायचा. नेली म्हटलं की बायका हळहळायच्या, माझ्या तोंडावरून हात फिरवायच्या. गेली म्हटलं की पदर सावरून गप्प व्हायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी बाबांचा शब्द धरला. त्यापायी सायन्स घेतलं, त्यापायी पाणी शिकले. दुसरी कोणी असती तर पाण्यापासून लांब पळाली असती, मी त्यातच ठाण मांडून बसले. पुण्याची नोकरी चालून आली होती, नाही गेले. बाबांकडे कोण बघणार, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला तो शब्द रोज ऐकायचा होता.

मागच्या रविवारी मी बाबांना कण्या भरवत होते. आता ते अंथरुणावरच असतात, बोलणं मात्र स्वच्छ आहे. मध्येच म्हणाले, "तुही माय पाण्यात गेली तवा तू लय लहान व्हती." मी चमचा वाटीत ठेवला. मी म्हणाले, "बाबा, नेली म्हना ना. गेली काऊन म्हनता?" त्यांनी मान हलवून वाटी नको म्हटलं. मग म्हणाले, "नेली काय अन् गेली काय. मीच धाडली तिले." त्यानंतर घोटभर पाणी मागितलं, मी दिलं, आणि ते झोपले.

इतकी वर्षं मी कालव्याला एकच गोष्ट विचारत आले. तो इतकंच सांगतो, की त्या खळग्यात कोणीही पडू शकतं. पडणारी बाई कशाला उतरली होती, ते त्याला ठाऊक नाही. जाणारी आई लेकीची वेणी अर्धी ठेवून जाईल का, या एका गोष्टीवर मी तग धरून होते. आता वयानं तुझ्याहून मोठी झालेय, आणि रागानं उठलेलं माणूस काहीही अर्धं टाकून जातं हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून आज मोटार बंद केली. पाणी थांबलं, उंचवटे तसेच राहिले. मला बाबांचा राग यायला हवा होता. तो येत नाही, तुझाच येतो, आणि तो कुठे न्यावा हे कळत नाही. तू सुटलीस, बाबाही सुटतील. मी त्या दोन शब्दांच्या मध्ये अडकून पडले आहे, आणि इथून बाहेर कसं पडायचं हे मला कोणी शिकवलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. कोणी म्हणेल नदीत सोड, तर नदीत तर नाहीच नाही. मी फक्त एक ओळ लिहायला बसले होते: माय, तू आपणहून गेली असशील तरी माझं काही म्हणणं नाही. लिहिली. वाचून पाहिली. म्हणणं आहे, माय.