अर्धं दादाला

१२ जानेवारी

जुळलं! रक्तगट, तपासण्या, सगळं. माझ्या लिव्हरचा अर्ध्याहून मोठा तुकडा काढून दादाला बसवणार. त्याचं स्वतःचं त्या जुन्या काविळीनं पार पोखरलंय. वहिनी फोनवर रडायलाच लागली. दादा मात्र — "तुझं लिव्हर? म्हणजे आता मलाही बडबड सुटणार!"

हळदीसारखा पिवळा पडलाय, पण जीभ ठणठणीत.

१४ जानेवारी

सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. कापलेला भाग परत उगवत नाही. उरलेलंच वाढून जागा भरून काढतं. माझ्यात आणि दादातही. मी म्हटलं, पालीच्या शेपटीसारखं? दादा पलंगावरून ओरडला, "अजिबात नाही! शेपूट नवी फुटते. हे वेगळं. लक्ष कुठे असतं गं तुझं?"

जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आता पडल्या पडल्या माझी शिकवणी घेतोय!

१९ जानेवारी

हातातले पडदे शिवून संपवले. आता बरेच दिवस मशीनवर बसता येणार नाही. टीप घालताना सारखी ती पाल आठवत होती.

सहा-सात वर्षांची असेन. मी दार धाडकन लावलं आणि तुटलेली शेपूट पायाशी वळवळायला लागली. मी भोकाड पसरलं. आई झाडू घेऊन धावली, पण दादा आधी पोचला. पाल अलगद बरणीत घातली, वर कागद बांधून भोकं पाडली. रोज तिच्यासाठी माश्या पकडायचा — आईच्या शिव्या खात. मी शाळेतून आले की दप्तरासकट बरणीपुढे. एक दिवस बघते तर काळपट टोक! घरभर नाचले.

"पहिल्यासारखीच येईल?"

"आत हाड येत नाही परत. कानासारखं लवचिक काहीतरी येतं. पण तिचं भागतं. तिनं तक्रार केलीय का?"

पुढे खिडकीत सोडून दिली तर मी पुन्हा रडले. मग मला पाठुंगळीला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. केवढी रुंद वाटायची ती पाठ! काल उशी सरळ करताना हाताला नुसते मणके लागले.

२३ जानेवारी

उद्या ऑपरेशन. संध्याकाळी दादाच्या पायाशी जाऊन बसले. त्याच्या कॉलेजातल्या काचेच्या टाकीची आठवण निघाली. त्यातल्या सॅलमँडरचा, म्हणजे त्या पालीसारख्या दिसणाऱ्या बेडकाच्या भाऊबंदाचा, तुटलेला पाय परत येत होता — हाडांसकट, चिमुकल्या बोटांसकट! तेव्हा विचारलं होतं तेच आज पुन्हा विचारलं, आपल्याला का जमत नाही?

"आपलं शरीर घाईघाईनं जखम बुजवून टाकतं. वण पडला, काम संपलं. सॅलमँडरचं तसं नसतं."

मग त्यानंच विचारलं — "भीती वाटते?"

"नाही."

"मला वाटते. तुझ्यासाठी."

त्याचं पांघरूण नीट केलं आणि आले.

५ फेब्रुवारी

दोघंही जिवंत! टाके बरे आहेत, पण टीप वाकडी. मी शिवली असती तर! खोकलं की जीव जातो, हसलं तरी. वहिनी म्हणते दादाच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरतोय. त्यानं निरोप धाडला: "तुझा तुकडा फार आळशी आहे, सारखा झोपवतो."

त्याच्या निरोपांवरच बंदी घालायला हवी. पोट धरून हसले, मग पोट धरून रडले.

२ मार्च

दादा घरी! दोघं तोंडाला मास्क लावून गॅलरीत उन्हात बसलो. गाल भरलेत त्याचे. म्हणाला, "आई असती तर म्हणाली असती, चॉकलेटचा तुकडा देताना घर डोक्यावर घ्यायची, आणि आता बघा!"

पुढच्या वर्षी मला समुद्रावर नेणार आहे. खडकांत तारामासे दाखवायला. हात तुटला तर नवा हात येतो म्हणे त्यांना. मी म्हटलं, ने, पण वाटेत शिकवू नकोस.

११ मार्च

दादाला ताप. परत हॉस्पिटलात. वहिनी म्हणते, साधा संसर्ग असेल.

२० एप्रिल

माझी सोनोग्राफी झाली. बाई नवीन होत्या. पडद्याकडे बघून खूश झाल्या — "वा! पूर्ण भरून आलंय. आणि ज्यांना दिलंत ते भाऊ कसे आहेत?"

"बरा आहे," म्हटलं.

गेल्या महिन्यात गेला, हे तोंडातून निघालंच नाही.