आजाराचं बिऱ्हाड

प्रिय रायखान आपा,

आम्ही सगळे बरे आहोत, मेंढ्याही बऱ्या आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण माझं पत्र हातात पडताच तू 'काय झालं?' म्हणून उभी राहशील हे मला ठाऊक आहे. काही झालेलं नाही, बस. फोनवर मी गावाचं नाव काढलं की तुझी किटली उकळायला लागते आणि तू फोन ठेवतेस. पत्रापुढे किटलीचं काही चालत नाही. हे मी आधी कच्चं लिहिलं, मग एकेक शब्द तपासला, मग पक्कं केलं. शाळा आठवीतच सुटली, तरी तुला माझ्या ओळींखाली लाल रेघा माराव्या लागू नयेत. अकबोता वाकून बघते आणि म्हणते, "बहिणीला पत्र लिहितोयस की मंत्र्याला अर्ज?" लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी तिला अजून माझं हसू येतं. मेंढ्यांच्या वाड्याची कडी लावून मी परत जाऊन बघतो, आणि अंथरुणात शिरल्यावर पुन्हा एकदा उठतो. आईने तिला कारण सांगून टाकलंय. मी पहिलं पाऊल टाकायला लागलो तेव्हा रीतीप्रमाणे माझ्या पायांत बांधलेली दोरी कासिम मामाने कापली, आणि दोरी कापणाऱ्याचा गुण पोरात उतरतोच. कासिम मामा तर स्वतःच्या घरात शिरतानाही दार वाजवायचा! तुझी दोरी कापली ती सुईणआजीने, जी पुरात घोडा घालून बाळंतिणीकडे जायची. आपली वाटणी तिथेच झाली म्हणायची.

यंदाची लोकर कातरून झाली. गेल्या वर्षी याच दिवसांत शेजारच्या बाल्झान आजीचा मुलगा सिरिम तापाने फणफणला होता. त्याने वेगळं काय केलं होतं? आपण सगळेच करत आलो तेच. मेंढीच्या कानामागची गोचीड उपटायची आणि दोन अंगठ्यांच्या नखांत टचकन फोडायची. तो आवाज आला की आमची पोरं हसायची. मेंढी खुशाल चरत राहिली, तिला काहीच झालं नाही, आणि सिरिमला मात्र गाडीत आडवा घालून जिल्ह्याच्या इस्पितळात आणावं लागलं. तू तिथे ड्युटीवर होतीस. त्याच्या नाकातून रक्ताची धार थांबत नव्हती आणि तो तापाच्या भरात हातपाय झाडत होता, तेव्हा त्याचं डोकं तू मांडीवर धरून ठेवलंस. त्या झटापटीत तुझा हातमोजा फाटला. हे तू मला कधीच सांगितलं नाहीस, सिरिमने सांगितलं. तू एवढंच म्हणालीस, "गावचा पोरगा होता, सोडणार कसा?"

मग तुलाच ताप भरला, आणि तू त्याच इस्पितळाच्या वेगळ्या खोलीत, काचेच्या आड. मी खाली अंगणात, फोन कानाला लावून. मला सगळं क्रमाने कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून तू तापातसुद्धा मला क्रमाने सांगत राहिलीस. तू म्हणालीस, "गोचिडीतल्या या विषाणूला हात नाहीत, तोंड नाही, पोट नाही. आई लोकरीच्या नमद्यावर, अंथरायच्या जाड तुकड्यावर, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढते ना, तिचा तो पुठ्ठ्याचा साचा आठव. विषाणू म्हणजे नुसता साचा आणि वर एक अंगरखा. एकटा पडला तर त्याच्याच्याने काही होत नाही. पण त्या अंगरख्याची बटणं आपल्या पेशीच्या दाराला बरोबर बसतात. पेशीला वाटतं पाहुणाच आला, ती त्याला आत ओढून घेते. आत अंगरखा गळून पडतो आणि साचा कामाच्या ढिगात जाऊन बसतो. आतल्या बाया मान वर न करता तोच कापत सुटतात. लोकर घरची, सुई घरची, आणि घरचं काम मात्र पडून. मग ते नवे साचे घराच्याच कापडाचे अंगरखे पांघरून बाहेर पडतात आणि पुढच्या दारांना लागतात." मी विचारलं होतं, मग शरीराचे राखणदार काय झोपा काढतात? तू हसलीस, आणि हसताना तुला धाप लागली. "हा विषाणू आधी राखणदारांच्याच अंगात शिरतो. ते फिरतात अंगभर, तोही फिरतो. मग ते इतका आरडाओरडा करतात की रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपायला लागतात, आणि रक्त गोठवायला धावणारे कण कमी पडतात. पण शरीर साचा ओळखायला शिकतं रे. एकदा शिकलं की दारातच धरतं. माझं जरा हळू शिकतंय, तुझ्यासारखं." असं म्हणून तू फोन ठेवलास. मी त्या अंगणात रडलो की हसलो, मला अजून नीट सांगता येणार नाही.

ते शिकलं. तुझं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं, त्यात काही उरलं नाही, आणि उन्हाळा उतरताना तू घरी आलीस. त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही, आज लिहितो. आईने आनंदाने अर्धं गाव बोलावलं होतं. तू नेहमीसारखी चहाच्या समोवारजवळ बसलीस, वाट्यांत दूध घातलंस, चहा ओतलास आणि एकेक वाटी हातोहात पुढे दिलीस. बाल्झान आजीने आपल्या भरल्या वाटीवर तळहात ठेवला. "पुरे गं पोरी, पोट भरलंय." तिने तर तळलेल्या बाउरसाकचा तुकडाही मोडला नव्हता. मग तिच्या शेजारणीने हात ठेवला, मग तिच्या पलीकडचीने. चहावर सायी धरल्या. तू कुणाला आग्रह केला नाहीस. मी मात्र माझी वाटी प्यायलो, आईची प्यायलो, समोरच्या दोघांच्या उचलून प्यायलो, आणि अकबोता कानात म्हणाली, "आता पुरे, फुटशील." तू हात धुऊन पाळण्यापाशी गेलीस. आमची झिबेक तेव्हा मुठीएवढी होती. तू तिला उचललं नाहीस, नुसतं वाकून बघितलंस. सकाळच्या बसने निघून गेलीस, आणि आता आईने झिबेकच्या दोरीच्या समारंभाला बोलावलं तर म्हणतेस, तुम्ही उरकून घ्या, मला सुट्टी नाही.

आता यंदाची गोष्ट ऐक. कातरणीच्या आधी गुरांचा डॉक्टर औषध फवारायला आला आणि सगळ्यांना हातमोजे वाटले. लोक ते हातमोजे फुगवून बकरीचं आचळ करून दाखवायला लागले. डॉक्टर वैतागून म्हणाला, "यांना कुणीतरी समजावा, मला फवारणी आटपू दे." कुणीतरी ओरडलं, "मेइर्बेकला उभा करा! तो खिडकीखाली उभा राहून सगळं पाठ करून आलाय." बाल्झान आजी कातर बाजूला ठेवून म्हणाली, "अरे देवा, आठवीतून पळालेला आता आम्हाला शिकवणार!" सगळे खो खो हसले. मी घरी पळत जाऊन आईचा साचा घेऊन आलो, आणि तू सांगितलं होतंस तसंच, त्याच क्रमाने सांगितलं. एक शब्द माझा नव्हता. आजी मध्येच म्हणाली, "माझ्या ढिगात कुणी परका साचा सरकवून तर दाखवावा!" मी म्हटलं, "तुम्ही ओळखाल आजी, पण पेशीतल्या बायांना डोळे नसतात." मागून एकजण म्हणाला, "माझ्या बायकोलाही नव्हते, म्हणून तर मला हो म्हणाली." परत हशा.

पण आजी हसली नाही. ती म्हणाली, "ते सगळं खरं. पण इकडे माझ्या सिरिमचा ताप उतरला आणि तिकडे रायखान पडली. आजाराने बिऱ्हाड हलवलं. माझी आजी असे आजार माणसातून काढून कोंबडीवर घालायची, मी डोळ्यांनी बघितलंय. रायखानपासून तो पुढे कुणाकडे गेलाय का? नाही ना? मग अजून तिच्यातच तंबू ठोकून बसलाय." आणि बाकीच्या बाया माना डोलवायला लागल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आपा. वर्षभर मला वाटत होतं की त्या तुझा तिरस्कार करतात. त्यांचा हिशेबच निराळा होता. मी साचा आजीच्या हातात दिला आणि विचारलं, "आईने हा तुमच्याच साच्यावरून उतरवून घेतलाय ना? म्हणून तुमचा तुमच्या घरातून गेला का?" ती म्हणाली, "जाईल कशाला? पेटीत आहे." मी म्हटलं, "मग सिरिमचा आजारही त्याच्यातून उठून आपाकडे गेला नाही. तिच्याकडे गेली ती उतरवून घेतलेली नक्कल. सिरिमचं शरीर तिकडे त्याचे साचे फाडत होतं, आपाचं शरीर इकडे तिचे. दोघांनी आपापलं घर झाडून साफ केलं. तो जसा बरा झाला, तशीच ती बरी झाली." मग मी एकच विचारलं, "आजी, सिरिमच्या हातचं तुम्ही खाता?" ती म्हणाली, "रोज खाते." आणि तिने कातर पुन्हा उचलली. सिरिम कोपऱ्यातून म्हणाला, "खाते कसली, माझ्या ताटातलं पळवते." पण कुणी हसलं नाही. डॉक्टरने फवारणी थांबवून मला विचारलं, "तू कुठे शिकलास रे? कोण तू?" मी म्हटलं, "मी रायखानचा भाऊ." हे वाक्य इतक्या मोठ्याने मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि पुन्हा कुणी विचारावं म्हणून तिथेच उभा राहिलो.

आजी कातर टाकून निघून गेली. मी दुखावलं तिला, असं वाटून मी दोन दिवस जेवलो नाही. त्यात आईने झिबेकची दोरी कापायला तिलाच बोलावलं होतं, गावातली मोठी, भरल्या घरातली म्हणून. मग एका सकाळी ती स्वतःच आली, हातात वळलेली दोरी घेऊन. काळी लोकर तिच्या मेंढीची, पांढरी आपल्या मेंढीची. आईसमोर ठेवून म्हणाली, "वळून दिली, पण कापणार नाही. माझ्या हाताने कापली तर पोर माझ्यासारखी निघेल, भरल्या वाटीवर हात ठेवणारी. मला त्या दिवशी भीती वाटली हे खरं. पण त्याहून जास्त लाज वाटत होती. माझ्या पोराचं दुखणं त्या पोरीने घेतलं, असं धरून बसले होते मी. तिच्याकडे बघणार कुठल्या तोंडाने?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तिला लिही, दोरी तिनेच कापायची. आणि हेही लिही, की चहा मी ओतणार नाही. तोही तिनेच ओतायचा. मी बसून पिणार, पोट फुटेपर्यंत."

म्हणून हे पत्र, आपा. पाकीट नीट उघड, त्यात ती काळीपांढरी दोरी आहे. मुद्दामच घातली, म्हणजे आता ती दुसऱ्या कुणाला कापता येणार नाही. माझ्या मुलीला माझ्यासारखं कडी बघत उठायचं नाहीये. हातमोजा फाटला तरी जो डोकं सोडत नाही, तो हात मला तिच्यासाठी हवाय, आणि या गावात तो एकच आहे. सुट्टीचं काय ते बघ, पण फार वेळ लावू नकोस. झिबेक पेटीला धरून उभी राहते आणि हात सोडून पाऊल टाकायला बघते. आई दिवसभर तिच्यामागे पळते, "बस गं बाई, आत्याला येऊ दे" म्हणत तिला खाली बसवते, आणि ही पुन्हा उठते. आई आता थकली आहे.

तुझाच भाऊ,
मेइर्बेक