चव कळवावी

ढोकी, कार्तिक शु. ८, शके १८६५

ती. शांताक्काच्या सेवेशी,
धाकट्या भावाचा, वीरप्पाचा, शरणु शरणार्थ वि. वि.

मी लघवीला बसतो त्या मोरीत मुंग्या का लागतात, याचा उलगडा बार्शीच्या डॉक्टरांनी केला. मधुमेह. पायाच्या अंगठ्याची जखम त्यामुळंच भरत नाही. पथ्य मोडलं तर पाय कापावा लागेल म्हणाले. साखर, गूळ, भात बंद. वर अंडी खायला सांगितली. मी गळ्यातलं लिंग दाखवलं, तसे हसले आणि ज्वारी, हुलगे, कारलं, मेथी यांवर भागवा म्हणाले.

अक्का, गूळ करणाऱ्यानं गूळ चाखायचाच नाही, तर तो उतरवायचा कशाच्या भरवशावर? गुऱ्हाळ सुरू झालंय. वाफेत बसल्या बसल्या डोळा लागतो आणि आपले आप्पा काहिलीतला ऊन गूळ पळसाच्या पानावर वाढताना दिसतात. मी खातो, जागा होतो, तर तोंड कोरडं. स्वप्नातलं खाणं पथ्यात धरतात का, हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

मायेत अंतर नसावं.
वीरप्पा

ईट, कार्तिक व. ५

चि. वीरप्पास अक्काचे पुष्कळ आशीर्वाद.

पत्र वाचून जीव घाबरला. आप्पांच्या ढेपा कोरून खाणारे आपण दोघं. शिक्षा तुला एकट्याला झाली. पाशामियाँच्या गाडीतून हुलगे पाठवते. त्याचं माडगं गूळ न घालता, ताक-मीठ घालून पी. शेपू, अंबाडी खा. भाकरी दोनच, तिसरी मागितलीस तर तुझ्या गंगम्मानं मला कळवायचं आहे. स्वप्नात मात्र पोटभर खा, आणि माझा वाटा ठेव.

पहिली ढेप दरसालाप्रमाणं मला धाड. मी चाखून चव कळवीन. यंदा तुझी जीभ माझ्या तोंडात आहे असं समज.

जिवाला जप.
अक्का

ईट, मार्गशीर्ष शु. १०

चि. वीरप्पास आशीर्वाद.

ढेप पोचली, चाखली. चिमटीत रवाळ मोडते. खडा जिभेवर ठेवून डोळे मिटले, तर थेट आप्पांच्या गुऱ्हाळात जाऊन बसले. चुलवणाचा धूर, ओल्या चिपाडांचा वास, पहाटेची थंडी. आधी नितळ गोडी, मग घशात ऊब, आणि शेवटी जायफळासारखं काहीतरी मागं रेंगाळतं. न चाखता इतका चांगला गूळ केलास. आता चाखायचं मनातसुद्धा आणू नकोस.

अक्का

ढोकी, मार्गशीर्ष व. ३

ती. अक्काच्या चरणी शरणार्थ.

अंगठा भरत आलाय. तुमचं पत्र मी रोज वाचतो आणि वाचलं की गुळाची भूक राहत नाही.

पण ती ढेप नाल्याकाठच्या खारवट रानातल्या उसाची होती. गंगम्मानं चाखून थुंकून टाकली. तरी मला खात्री तुमच्याच जिभेची, म्हणून पाठवली. तुम्ही लिहिलेली चव आप्पांच्या गुळाची आहे. गूळ समोर असताना न चाखता राहणाऱ्या तुम्ही नव्हे. अक्का, तुमच्या मोरीत मुंग्या कधीपासून आहेत?

वीरप्पा

ईट, मार्गशीर्ष व. १०

चि. वीरप्पास आशीर्वाद.

तुझं पहिलं पत्र आल्यावर काही दिवसांनी मोरीत वाकून पाहिलं, तर मुंग्यांची रांग. भूमच्या दवाखान्यात खात्री झाली, तोवर ढेप घरात आली होती. मी चाखते या आशेवर तू पथ्य पाळत होतास, ती आशा मोडवेना. ढेपेचा वास घेत आठवून आठवून लिहिलं. सूनबाई महादेवी खारट म्हणाली, तर मी तिच्यावरच रागावले. आता तिची समजूत काढायची आहे.

हुलगे आता दोन्ही घरी शिजू देत. संक्रांतीला ये, गाडीत पाय वर घेऊन बस. मी तीळ भाजून ठेवते, नुसतेच. ते एकमेकांच्या हातावर ठेवू. मग आप्पांच्या गुळाचं आधी तू सांग, मी डोळे मिटून ऐकते.

आहे तो लोभ दोघांनाही पुरू दे.
अक्का